प्री-लाँच कार्यक्रम कसा घ्यावा: तारीख ठरवण्यापासून दुसऱ्या दिवशीच्या फोनपर्यंत

ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या कंपन्यांच्या प्री-लाँच कार्यक्रमांना, म्हणजे माल विक्रीला काढण्याआधी तो निवडक लोकांपुढे ठेवण्याच्या कार्यक्रमांना, मी गेली काही वर्षं जाते आहे. काहींच्या तयारीत हात लावला आहे, आणि आमच्या स्वतःच्या विजेवर चालणाऱ्या नारळ खवणीसाठी दोन कार्यक्रम घेतले आहेत. पहिला फसला, दुसऱ्याने कंपनी वाचवली.

पहिल्या वेळी आम्ही नौपाड्यात हॉल घेतला, सव्वाशे माणसं बोलावली, समई लावली, पाहुण्यांच्या हस्ते पडदा सरकवला. पाहुणे दीड तास उशिरा आले. लोकांनी यंत्र लांबून पाहिलं, टाळ्या वाजवल्या, वडा खाल्ला, फॉर्मवर 'छान आहे' लिहिलं आणि गेले. अकरा दिवसांनी आम्ही विक्री सुरू केली आणि पहिल्याच महिन्यात परत आलेल्या खवण्यांचा गाळ्यात ढीग लागला. ओल्या ओट्यावर ती घसरत होती. त्या संध्याकाळी हे कुणालाच कळलं नव्हतं, कारण सव्वाशेपैकी एकानेही तिला हात लावला नव्हता.

अजूनही बहुतेक ठिकाणी मला हेच दिसतं. नाव प्री-लाँच, आत उद्घाटन. प्री-लाँचचा उपयोग एवढ्यासाठीच असतो की त्या दिवशी माल अजून बदलता येतो, खोकं छापायला गेलेलं नसतं, किंमत जाहीर झालेली नसते. त्या दिवशी सापडलेली चूक वहीतल्या एका ओळीची असते. लाँचनंतर सापडलेली तीच चूक कुरिअरचं भाडं, परतावा आणि गेलेलं नाव अशी तिहेरी महाग पडते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रम उलटा झाला की काय होतं, तेही जागोजागी सांगितलं आहे.

टप्पा १: एक प्रश्न कागदावर लिहा

हॉल बघायला निघण्याआधी टीममधल्या सगळ्यांनी एकत्र बसून एकच वाक्य लिहायचं: या कार्यक्रमातून आपल्याला नक्की काय कळायला हवं? 'प्रतिसाद बघायचा आहे' हे उत्तर चालणार नाही. चालणारी उत्तरं अशी असतात: कुणी न शिकवता माणूस हे वापरू शकतो का? ठरवलेल्या किमतीला तो खिशात हात घालतो का? दुकानदार हे आपल्या फळीवर ठेवायला तयार होतो का?

तिन्ही प्रश्न एका संध्याकाळी विचारू नका. दुकानदार आणि घरातली वापरणारी माणसं एका हॉलमध्ये आणली की दुकानदार मार्जिनचं विचारतो, ते शेजारच्या ताई ऐकतात आणि त्यांचा किमतीवरचा विश्वास उडतो. दोन वेगळे कार्यक्रम करा, दुसरा छोटा चालेल.

त्याच बैठकीत आणखी एक आकडा लिहा: किती जणांनी पैसे भरून बुकिंग केलं तर आपण पुढे जायचं. तो आकडा पाकिटात बंद करा. कार्यक्रमानंतर आकडा ठरवायला बसलात तर जेवढी बुकिंग आली तेवढीच पुरेशी वाटते. दुसऱ्या वेळी आम्ही चाळीस जणांत आठ लिहिले होते.

तपासा: प्रश्न एका वाक्यात मावतो का? त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं निघू शकतं का? नसेल तर पुन्हा लिहा.

टप्पा २: लाँचपासून मागे मोजत या

कार्यक्रम आणि लाँच यांच्यात किमान सहा आठवडे हवेत. सापडलेली चूक दुरुस्त करायला, नवा सुटा भाग मागवायला आणि पुन्हा चाचणी घ्यायला तेवढे दिवस लागतातच. आमचे अकरा दिवस होते, म्हणजे काही कळलं असतं तरी आम्ही काहीच करू शकलो नसतो.

आपल्याकडे बहुतेकांना दसरा, पाडवा किंवा अक्षय्य तृतीया गाठायची असते. दसरा धरला तर मोजणी अशी होते. दसऱ्याआधी नवरात्र, त्याआधी पितृपक्ष, त्याआधी गणपती. गणेश चतुर्थी ते दसरा साधारण पाच आठवडे असतात. गणपतीच्या आठवड्यात निम्मं ठाणे कोकणात गेलेलं असतं, आणि दहीहंडीच्या दिवशी शहरात गाडी हलत नाही. म्हणून दसऱ्याच्या लाँचसाठी प्री-लाँच श्रावणात, दहीहंडीच्या आधीच्या एखाद्या रविवारी घ्यावा. खाण्याचा पदार्थ असेल तर सोमवार आणि शनिवार टाळा, अनेकांचे उपास असतात. पितृपक्षात दुरुस्तीचं काम निवांत होतं, त्या पंधरवड्यात कुणी नवं काही विकत घ्यायला येत नाही.

वेळ ठरवताना घर डोळ्यांपुढे आणा. रविवारी सकाळी दहा ते एक हा स्वयंपाकाचा वेळ, दुपारी जरा आडवं व्हायचं असतं. संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ आम्हाला सगळ्यात चांगली लागू पडली. शिवाय रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकल बंद ठेवण्याचा वेळ, बहुतेक वेळा दुपारी चारच्या सुमारास संपतो.

सावधान: मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दोन-तीन दिवसांत कळतं. ठाणे–वाशी ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक असेल तर निमंत्रितांना आदल्या दिवशी स्वतः कळवा. ऐरोलीचा माणूस रबाळ्याला अडकून पडला तर परत घरी जाईल, तुमच्याकडे येणार नाही.

टप्पा ३: दाखवण्याआधीचे कागद

हा टप्पा लोक सरळ गाळतात, आणि इथलं नुकसान भरून निघत नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

*पेटंट आणि डिझाईन.* तुमच्या यंत्रात नवी युक्ती असेल आणि तिचं पेटंट घ्यायचं असेल, तर अर्ज आधी, कार्यक्रम नंतर. पेटंट कायदा १९७० प्रमाणे अर्जाआधी गोष्ट जाहीर झाली की तिचं नावीन्य जाऊ शकतं. प्रदर्शनाची सवलत कायद्यात आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. तुमचा हॉल त्यात बसत नाही. सगळा तपशील तयार नसेल तर प्रोव्हिजनल अर्ज करता येतो, मग बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यावा लागतो. वस्तूच्या आकाराचं, रूपाचं संरक्षण हवं असेल तर डिझाईन कायदा २००० लागतो, आणि तिथेही आधी प्रसिद्ध झालेलं डिझाईन नोंदवलं जात नाही. 'आपण येणाऱ्यांकडून गुप्ततेच्या कागदावर सही घेऊ' असं काहीजण म्हणतात. चाळीस फोन खिशात असलेल्या हॉलमध्ये त्या सहीवर विसंबून राहू नका.

*नाव.* फलक रंगवायला देण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर आपल्या वर्गात तेच किंवा तसंच नाव आहे का ते शोधा आणि अर्ज करून टाका. नावापुढे 'टीएम' लिहायला नोंदणीची वाट पाहावी लागत नाही. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावणं हा गुन्हा आहे. डिझायनर सवयीने तो लावून देतात, प्रूफ नीट बघा.

*खाण्याचे पदार्थ.* फुकट चव दिली तरी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा लागू होतो, कारण त्यातली अन्न व्यवसायाची व्याख्या नफा असो वा नसो अशी आहे. एफएसएसएआयची, म्हणजे या कायद्याखालच्या केंद्रीय प्राधिकरणाची, नोंदणी हातात असल्याशिवाय वाटी पुढे करू नका. शेंगदाणे, दूध, गहू, तीळ यांतलं काय आहे, हे टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहा.

*विजेची उपकरणं.* बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) कुठला आदेश आपल्या वस्तूला लागू होतो का, हे बुकिंगचे पैसे घेण्याआधी विचारून घ्या.

*आगाऊ पैसे.* कंपनीने वस्तूसाठी घेतलेला ॲडव्हान्स ३६५ दिवसांत माल देऊन किंवा परत करून मिटवावा लागतो, नाहीतर कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे तो ठेव मानला जाऊ शकतो. जीएसटीत नोंदणी असेल तर वस्तूच्या ॲडव्हान्सवर त्या क्षणी कर भरावा लागत नाही, सेवेच्या ॲडव्हान्सवर भरावा लागतो. ॲप किंवा वर्गणीची सेवा असेल तर सीएला आधी विचारा.

*शेअर.* प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला लोकांना जाहीरपणे शेअर घ्यायला बोलावता येत नाही. खासगी वाटप करायचं तर कंपनी कायदा २०१३च्या कलम ४२ प्रमाणे ठरावीक माणसांना नावानिशी प्रस्ताव द्यावा लागतो, आणि त्याची जाहिरात करता येत नाही. तरीही स्लाइडवर 'आमच्यासोबत गुंतवणूक करा, एवढे टक्के मिळवा' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे, वाशीच्या एका हॉलमध्ये, पन्नास अनोळखी माणसांसमोर. ती स्लाइड काढा. गुंतवणूकदाराशी बोलणं बंद दाराआड, वेगळ्या दिवशी.

तपासा: यातलं आपल्याला लागू असलेलं प्रत्येक काम झालं का? एक जरी 'होईल' असेल तर निमंत्रण पाठवू नका.

टप्पा ४: जागा

नाट्यगृहाचा मोह टाळा. गडकरी रंगायतन असो की वाशीचं विष्णुदास भावे, तिथल्या खुर्च्या जमिनीला जखडलेल्या आणि सगळ्यांची तोंडं स्टेजकडे. आपल्याला टेबलं हवीत आणि माणसं एकमेकांसमोर. वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र चाळीस माणसांसाठी फार मोठं, त्यात कार्यक्रम हरवून जातो.

मला तीन प्रकारच्या जागा लागू पडलेल्या दिसल्या. एक, वागळे इस्टेट किंवा ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या उद्योजक संघटनांची सभागृहं किंवा आपलाच गाळा, पण तेव्हाच जेव्हा माल कारखानदार किंवा दुकानदारासाठी असेल. रविवारी संध्याकाळी वागळेच्या गल्ल्या सामसूम असतात, रिक्षा सहज मिळत नाही, घरगुती ग्राहक तिथे यायला कचरतात. दोन, घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघर-नेरूळच्या सोसायटीचं क्लबहाऊस. माणसं लिफ्टने खाली येतात, ही मोठी सोय. पण अनेक सोसायट्यांना विक्री चालत नाही, म्हणून सेक्रेटरींना लेखी पत्र देऊन लेखी होकार घ्या आणि त्यात 'बुकिंगची रक्कम स्वीकारली जाईल' असं स्पष्ट लिहा. तीन, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरचा लहान हॉल. मिश्र वस्तीतून माणसं येणार असतील तर हाच.

खाडीच्या पलीकडे माणसं ओढू नका. ठाणे पश्चिमेतली माणसं रविवारी वाशीला येत नाहीत आणि नेरूळची ठाण्याला येत नाहीत. ग्राहक दोन्हीकडे असतील तर वीस-वीसचे दोन कार्यक्रम घ्या.

जागा बघायला जाताना हॉलवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, सोबत तीन गोष्टी न्या. पहिली, तुमचं स्वतःचं यंत्र आणि एक्स्टेन्शन बोर्ड: जेवढी यंत्रं त्या दिवशी चालणार आहेत तेवढी एकदम लावून बघा. आमची पाच एका बोर्डवर लावल्यावर एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, पडला. त्या दिवशी बघायला गेलो म्हणून बरं झालं. दुसरी, तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं. तळघरातल्या हॉलमध्ये ॲपचा डेमो गोल-गोल फिरत बसलेला मी पाहिला आहे, आणि तिथे यूपीआयही चालत नाही. तिसरी, मोजपट्टी. टेबलाच्या चारी बाजूंनी माणूस उभा राहू शकला पाहिजे.

सावधान: श्रावणात पाऊस असतोच. दारात छत्र्यांसाठी बादल्या आणि पायपुसणी, आणि जमिनीवरून जाणाऱ्या वायरी चिकटपट्टीखाली. ओली जमीन आणि उघडी वायर एकत्र येऊ देऊ नका. स्पीकर लावणार असाल तर रात्री दहानंतर नाही. ध्वनिमुद्रित गाणी वाजवायला वेगळे परवाने लागतात, ती या कार्यक्रमाला लागतच नाहीत.

टप्पा ५: यादी

सव्वाशे माणसं हा आकडा कौतुकाचा आहे, कामाचा नाही. एका टेबलावर दहापेक्षा जास्त माणसांवर लक्ष ठेवता येत नाही, आणि छोट्या टीमला चारच टेबलं झेपतात. म्हणून चाळीस.

त्या चाळिसांत निदान तीस जण तुम्हाला न ओळखणारे हवेत. मामा, मावशी, कॉलेजचे मित्र खरं बोलत नाहीत. त्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांना तुमचं मन मोडवत नाही. खरं बोलणारी माणसं तिथे मिळतात जिथे तुमची वस्तू रोज लागते. खवणीसाठी आम्ही दोन महिला बचत गट, तीन पोळी-भाजी केंद्रं आणि जांभळी नाक्यावर नारळ विकणाऱ्या एका दादांच्या रोजच्या गिऱ्हाइकांपर्यंत गेलो. सोसायटीसाठी ॲप करत असाल तर सेक्रेटरी बोलवा, पण दोन सुरक्षा रक्षकही बोलवा, कारण गेटवर फोन त्यांच्याच हातात असणार आहे.

गुंतवणूकदार एखादा असेल तर त्याला आधीच सांगा की आज स्टेज नाही, कोपऱ्यात बसून बघा. वार्ताहर आणि इन्स्टाग्रामवाल्यांना या दिवशी बोलवूच नका. अर्धवट माल त्यांच्या कॅमेऱ्यात गेला की तोच तुमचा लाँच होतो.

निमंत्रण फोनवर द्या. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात खरे, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो संदेश पोचत नाही. म्हणजे नेमकी अनोळखी तीस माणसं गळतात. बोलताना सरळ सांगा: "ताई, वस्तू अजून पूर्ण झालेली नाही. तुम्ही वापरून चुका काढाव्यात म्हणून बोलावतोय. खरेदीची सक्ती नाही." माझ्या अनुभवात 'येते' म्हणालेल्या तिघींपैकी दोघी येतात, म्हणून चाळिसांसाठी साठजणींचा होकार घ्या. आदल्या संध्याकाळी पुन्हा एक फोन.

नाव-नंबर घेताना फॉर्मवर दोन वेगळ्या चौकटी ठेवा: एक कार्यक्रमासाठी, एक पुढे माहिती पाठवण्यासाठी. दुसरीवर आधीच खूण करून ठेवू नका. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की माहिती कशासाठी घेतोय ते सांगून, विचारून घ्यायची. फोटो काढण्याआधीही विचारा.

टप्पा ६: रंगीत तालीम

दोन दिवस आधी, त्याच हॉलमध्ये किंवा तेवढ्याच मोठ्या खोलीत, घरच्या सहा माणसांना घेऊन सगळा कार्यक्रम घड्याळ लावून करा. या तालमीत माल तपासला जात नाही, तुम्ही तपासले जाता. किती मिनिटं बोलता, कोण कुठे उभा असतो, पैसे भरताना स्क्रीनवर कुणाचं नाव दिसतं.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे. क्यूआर कोड कंपनीच्या चालू खात्याचा हवा. फलकावर एक नाव आणि फोनवर कुणाचं तरी आडनाव दिसलं की माणूस थबकतो, आणि त्याने थबकावंच.

टीमची वाटणी अशी करा: प्रत्येक टेबलावर एक वाढपी आणि एक लेखनिक. वाढपी म्हणजे वस्तू देणारा, सामान पुरवणारा. लेखनिक फक्त ऐकतो आणि लिहितो. ज्याने वस्तू बनवली तो कधीच वाढपी नसावा, लेखनिकच असावा. त्याच्या हातात वही दिली की तोंड आपोआप बंद राहतं.

तपासा: एक यंत्र मुद्दाम बंद पाडा. टीम काय करते? सुटं यंत्र किती मिनिटांत टेबलावर येतं?

टप्पा ७: प्रत्यक्ष तीन तास

पाच ते पाच-वीस लोक येतात, नाव लिहितात, चहा घेतात. कुणासाठीही थांबायचं नाही.

पाच-वीसला दहा मिनिटांचं बोलणं. आम्ही कोण, हे कशासाठी, यातलं काय अजून अपुरं आहे, आणि आज तुमच्याकडून काय हवंय. एवढंच. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगत हे सगळं लाँचच्या दिवसासाठी ठेवा, तिथे ते शोभून दिसतं.

साडेपाच ते पावणेसात वस्तू लोकांच्या हातात. हा सगळ्या कार्यक्रमाचा जीव आहे. टेबल शक्य तेवढं घरासारखं करा. आम्ही दुसऱ्या वेळी चारही टेबलांवर ग्रॅनाईटच्या फरशा ठेवल्या आणि मुद्दाम पाणी शिंपडलं. नारळ फोडलेले, पण पाणी नीट न पुसलेले, जसे घरी असतात तसे.

कळव्याहून आलेल्या एका काकूंनी वाटी उचलली, खवणीच्या पात्याला लावली, चार फेरे झाल्यावर थांबल्या. ताटलीतलं खोबरं चिमटीत धरून उजेडाकडे नेलं. पांढऱ्यात तपकिरी कण होते, खोबऱ्याच्या पाठीचे, म्हणजे करवंटीला लागून असलेल्या सालीचे. त्यांनी वाटी उलटी करून बघितली, करवंटीपर्यंत सगळं साफ. मग खवणीकडे बघत म्हणाल्या, "अहो, हिला पाठ कळत नाही." आमचा इंजिनिअर सांगायला पुढे सरसावला की वेग कमी केला की तसं होत नाही. मी त्याच्या हातातल्या वहीवर बोट ठेवलं. तो लिहायला लागला. काकू पुढे बोलत राहिल्या: आमटीला चालेल, ओल्या नारळाच्या करंजीला नाही चालणार, सोलकढीचा रंग जाईल. हाताच्या खवणीवर पाठ आली की बोटांना कळतं, इथे यंत्र पुढे जातच राहतं. दोन मिनिटांत आम्हाला जे मिळालं ते पहिल्या कार्यक्रमातल्या सगळ्या फॉर्मांत मिळून नव्हतं. तो इंजिनिअर मध्ये बोलला असता तर काकू 'बरं बरं' म्हणून गप्प बसल्या असत्या.

म्हणून या सव्वा तासाचे नियम कडक आहेत. माणूस अडखळला तर तीस सेकंद थांबा. मदत मागितली तरच करा आणि कुठे मागितली ते लिहा. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. 'पाठ कळत नाही' याचं 'कटिंग डेप्थचा इश्यू' असं भाषांतर वहीत करू नका. भाषांतरात अर्धा अर्थ गळतो आणि आठवड्याने तुम्हालाच कळत नाही की त्या काय म्हणाल्या होत्या. 'आवडलं का?' विचारू नका, आपल्याकडे पाहुणा 'नाही' म्हणत नाही. 'घरी आता हे काम कसं करता?' आणि 'शेवटचं कधी केलंत?' हे विचारा.

पावणेसातला फॉर्म. खाण्याच्या आधी. एकदा हातात बटाटेवड्याची बशी आली की पेन कुणी धरत नाही. प्रश्न तीनच: कुठे अडलं, घरी नेलं तर कोण वापरेल, आणि किती रुपयांपर्यंत घ्याल. किमतीचा आकडा तोवर कुठेही दिसता कामा नये, खोक्यावर नाही आणि टीममधल्या कुणाच्या बोलण्यातही नाही. एकाने मोठ्याने आकडा म्हटला की टेबलावरचे सगळे तोच लिहितात, म्हणून चिठ्ठ्या घडी घालून घ्या.

टप्पा ८: पैसे मागणं

सात वाजता किंमत सांगा आणि बुकिंग उघडा. इथे पुष्कळ जण लाजतात. 'नंतर लिंक पाठवतो' म्हणून विषय संपवतात. लिंक पाठवल्यावर येणारं 'हो' आणि समोर दिलेले दोनशे रुपये यांत फार अंतर आहे, आणि तुम्हाला माप त्या दोनशे रुपयांचं हवं आहे. टोकन रक्कम छोटी ठेवा, पण फुकट ठेवू नका.

पावतीवर चार गोष्टी छापा: पूर्ण किंमत, माल देण्याची शेवटची तारीख, बेत बदलला तर पैसे कसे परत मिळतील, आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर. ती शेवटची तारीख तुम्हाला वाटते त्याहून तीन आठवडे पुढची लिहा.

सावधान: 'आजच घ्या, उद्या दुप्पट' हे करू नका. घाईने आलेलं बुकिंग तुमच्या पाकिटातल्या आकड्याला खोटं पाडतं. जे आज यंत्रात नाही ते 'लवकरच येतंय' म्हणून विकू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दंड होतो. आणि कळव्याच्या त्या काकू पुन्हा कधी खरं सांगायला येणार नाहीत, ते नुकसान वेगळंच.

साडेसातनंतर खाणं आणि मोकळ्या गप्पा. लेखनिकांनी वह्या मिटू नयेत. चपला घालताना लोक जे बोलतात ते बऱ्याचदा फॉर्मवर नसतं.

टप्पा ९: त्याच रात्री, आणि पुढचे दोन दिवस

हॉल आवरून घरी जाऊ नका. टीमने अर्धा तास तिथेच बसायचं. चारही वह्या मोठ्याने वाचायच्या, चर्चा न करता. एकच अडचण तीन वेगळ्या टेबलांवर आली असेल तर ती यंत्राची, माणसांची नाही. तिला पहिला नंबर. आमच्याकडे 'पाठ' चारपैकी चार टेबलांवर होती. घसरणं एकाही टेबलावर नव्हतं, म्हणजे नवे रबरी पाय टिकले होते.

मग पाकीट उघडा. आमच्याकडे अकरा बुकिंग आली होती. तरीही आम्ही लाँच पुढे ढकललं, कारण बुकिंग पुरेशी असणं आणि वस्तू तयार असणं या दोन वेगळ्या अटी आहेत. दोन्ही पुऱ्या झाल्या तरच पुढे जायचं. पात्याभोवती खोली अडवणारी एक कडी बसवायला आम्हाला पाच आठवडे लागले.

दुसऱ्या दिवशी फोन. आधी त्यांना, ज्यांनी बुकिंग केलं नाही. आभार माना आणि एकच विचारा: "काकू, घ्यावंसं का नाही वाटलं?" समोरासमोर न बोललेलं इथे निघतं. एकींनी सांगितलं की सासूबाई खाली बसून खवतात, ओट्यावरचं यंत्र त्यांना जमणार नाही. हे आमच्या डोक्यातही नव्हतं. जे मध्येच उठून गेले त्यांना नक्की फोन करा. मग बुकिंग केलेल्यांना, पुढे काय आणि कधी होणार ते सांगायला.

दोन आठवड्यांनी सगळ्यांना छोटा संदेश: तुम्ही काय सांगितलंत, त्यातलं आम्ही काय बदललं, काय बदललं नाही आणि का. सुधारलेली वस्तू यातल्या पाच-सहा जणांच्या घरी आठवडाभर ठेवा. आमची पहिली सुधारलेली खवणी कळव्याला गेली. आठव्या दिवशी काकूंनी करंजीचं सारण डब्यात घालून पाठवलं, त्यात तपकिरी कण नव्हता.

आणि तारीख चुकणार असं दिसलं, तर ती चुकण्याच्या आधी फोन करा. पैसे परत हवे असतील तर ज्या यूपीआयवरून आले त्यावरच, त्याच दिवशी पाठवा. पावतीच्या स्थळप्रतीवर 'परत' आणि तारीख लिहून ती फाईलला लावा.